बाबांसोबत बॅटल आणि हेस्टिंग्ज

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

बाबांना लंडनला येऊन तीन आठवडे झाले होते. टॉवर बघून झाला, ब्रिटिश म्युझियमच्या दोन फेऱ्या झाल्या, पण त्यांच्या मनात सुरुवातीपासून एकच जागा होती. साताऱ्याहून निघायच्या आधी फोनवरच ते म्हणाले होते, "१०६६ ची लढाई झाली ते शेत मला बघायचंय. बाकी तू नेशील तिथे येईन."

आज रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "उद्याच जाऊ या. उद्या वीस तारीख."

फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं ती ही हेस्टिंग्जची लढाई १४ ऑक्टोबरला झाली, हे मलाही ठाऊक होतं. वीस तारखेचं काय? मग त्यांनी पानावरचा हात थांबवून समजावलं. तेव्हाची कालगणना ज्युलियन होती आणि अकराव्या शतकात ती आजच्यापेक्षा सहा दिवस मागे होती. त्यांची १४ तारीख म्हणजे आपली २०. "सूर्य उद्या त्या दिवशी होता तिथेच असणार. उजेड तेवढाच, संध्याकाळही तेव्हाच होणार. आणि वारही शनिवारच होता."

बाबांनी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आपल्या पुस्तकांत हेस्टिंग्ज हे नाव येतं ते दोन माणसांमुळे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात समोर वॉरन हेस्टिंग्ज होता आणि १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज. गावाचं नाव त्या दोघांच्याही कितीतरी आधीचं. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. दसरा कालच झाला होता. सीमोल्लंघन राहिलंय ते उद्या होईल, असं म्हणून बाबा लवकर झोपायला गेले.

शनिवार, २० ऑक्टोबर

चेरिंग क्रॉसहून हेस्टिंग्जची गाडी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते, बॅटल हे स्टेशन त्याच मार्गावर, हेस्टिंग्जच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लागतं. म्हणजे सकाळी रणभूमी आणि दुपारी समुद्र एका दिवसात आरामात होतात. लढाईला नाव हेस्टिंग्जचं मिळालं, पण ती झाली तिथून दहा-अकरा किलोमीटर आत. त्या माळावर तेव्हा गाव नव्हतंच. लढाईनंतर मठ उभा राहिला, मठाभोवती गाव वसलं आणि गावाचं नावच पडलं 'बॅटल'.

टनब्रिजच्या पुढे गाडी वळणं घेत टेकड्यांत शिरते. मध्ये मध्ये शेतांत गोल विटांच्या इमारती दिसतात, टोकदार छपराच्या आणि वर पांढरी टोपी घातल्यासारख्या. बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं पूर्वी त्यांत वाळवत. या मार्गावरचे बोगदे अरुंद आहेत. एकोणिसाव्या शतकात ठेकेदारांनी आतल्या विटांच्या अस्तरात चोरी केली. ती पुढे उघडकीला आल्यावर आतून आणखी विटा लावाव्या लागल्या, त्यात बोगदे आकसले आणि कित्येक वर्षं या मार्गासाठी मुद्दाम कमी रुंदीचे डबे बांधावे लागले. हे मी सांगितलं तेव्हा बाबा प्रत्येक बोगद्यात खिडकीला डोकं लावून भिंत किती जवळ आहे ते बघत होते.

बॅटलचं स्टेशन दगडी आहे, लांबून लहानसं चर्चच वाटावं असं. तिथून दहा मिनिटं चढ चढलं की रस्त्याच्या टोकाला मठाचा दरवाजा उभा राहतो. १३३८ साली बांधलेला, दोन्ही अंगांना बुरूज आणि वर कंगोरे. आत जायला अजून वेळ होता म्हणून बाजाराच्या रस्त्याने एक चक्कर मारली. एका दुकानाबाहेर टोपल्यांत कॉक्स जातीची सफरचंदं ठेवली होती, लहान, लाल-पिवळी, सालीवर किंचित खरखरीत. बाबांनी चार घेतली. नऊ वाजले तेव्हा आम्ही रस्त्यातच उभे होतो. बाबा घड्याळ बघून म्हणाले, "लढाईला तोंड लागलं."

आत शिरल्यावर मला पहिला धक्का बसला तो जागेच्या लहानपणाचा. मनात मोठं मैदान होतं. समोर होता हिरवा उतार, तळाशी झाडं, मध्ये चरणाऱ्या मेंढ्या. दोन्हीकडची मिळून दहा-बारा हजार माणसं या एवढ्या जागेत दिवसभर लढली, असा अंदाज करतात. त्या दिवसाची हत्यारं किंवा हाडं इथे जवळपास काहीच सापडलेली नाहीत.

वरच्या गच्चीवरून बघून परत फिरता येतं, पण बाबांना खाली जायचं होतं. "नॉर्मन लोकांनी जे पाहिलं ते आधी बघू." गुडघा दुखतो म्हणून मी दोनदा विचारलं, पण ते काठी टेकत निघालेच. रणभूमीला वळसा घालणारी ही वाट मैलभराची आहे. वाटेवर ठिकठिकाणी लाकडात कोरलेले सैनिक उभे केलेत, कुणी तिरंदाज, कुणी कुऱ्हाडवाला. तळाशी जमीन ओली होती आणि माझे बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले. मग वर पाहिलं. खालून तो उतार एकदम वेगळा दिसतो. गच्चीवरून सौम्य वाटलेला चढ इथून छातीवर येतो. बाबा वीस पावलं चढून थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "अंगात चिलखत, हातात भाला, आणि वरून दगड येताहेत. घोड्यांचे हाल काय झाले असतील बघ."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. १०६६ च्या जानेवारीत राजा एडवर्ड निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्ड गॉडविन्सनचा राज्याभिषेक झाला. समुद्रापलीकडचा नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणत होता की गादी माझी, हॅरॉल्डनेच मला तशी शपथ दिली होती. तिसरा दावेदार नॉर्वेचा राजा हॅराल्ड हार्द्राद. तो आधी उत्तरेत उतरला, हॅरॉल्डच्या सख्ख्या भावाला बरोबर घेऊन. हॅरॉल्ड धावत उत्तरेला गेला आणि २५ सप्टेंबरला यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला त्याने दोघांनाही मारलं. तीनच दिवसांनी विल्यम दक्षिणेला पेव्हेन्सीच्या किनाऱ्यावर उतरला. हॅरॉल्ड यॉर्कहून लंडन आणि लंडनहून इथे, असा जवळजवळ चारशे किलोमीटरांचा पल्ला मारून आला. एवढ्या घाईने निघाला की सगळं सैन्य जमूही दिलं नाही.

इंग्रज टेकडीच्या माथ्यावर पायी उभे राहिले, ढालीला ढाल भिडवून. मध्ये राजाचे खास कुऱ्हाडवाले होते, हाउसकार्ल. "ही त्यांची हुजुरात," बाबा म्हणाले. बाजूंना गावोगावचे शेतकरी. खालून विल्यमचे तिरंदाज, मग पायदळ, मग घोडदळ. सकाळभर नॉर्मन वर चढायचे आणि आपटून खाली यायचे. विल्यमची डावी फळी ब्रेटन लोकांची होती, ती मोडली आणि पळत सुटली. त्यातच आवई उठली की ड्यूक पडला.

बाबा थांबले ते नेमके इथे, उताराच्या मध्यावर. पुढचं त्यांनी सांगितलं आणि मी ते आजवर असं कधी ऐकलं नव्हतं.

विल्यमने भर लढाईत शिरस्त्राण मागे सारून तोंड उघडं केलं आणि ओरडून सांगितलं की मी जिवंत आहे. फ्रान्समधल्या बाये गावी या लढाईची कथा सांगणारं सत्तर मीटर लांब भरतकाम आहे, त्यात हा प्रसंग स्पष्ट भरलेला आहे. सैन्याने चेहरा पाहिला आणि फळी परत वळली. "आता पानिपत आठव," बाबा म्हणाले. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. दुपारपर्यंत आपली सरशी होती. पण लांबून लोकांना दिसली ती रिकामी अंबारी. भाऊ लढत होते, तरी ते कुणाला दिसत नव्हते. बाबांचा आवाज बदलला होता. "एकाने तोंड दाखवलं म्हणून सैन्य राहिलं. दुसऱ्याची अंबारी रिकामी दिसली म्हणून सैन्य गेलं. शूरपणात तिळभर फरक नव्हता गं. मी मुलांना तारखा पाठ करायला लावल्या. हे सांगायला हवं होतं."

आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो. एक मेंढी अगदी जवळ येऊन गवत तोडत होती, त्याचा कर्र कर्र आवाज ऐकू येत होता.

पुढे नॉर्मन घोडेस्वारांनी पळण्याचं सोंग करून इंग्रजांना माथ्यावरून खाली ओढलं आणि वळून कापलं, असं त्यांच्या बाजूचे इतिहासकार लिहितात. हुलकावणीचा हा डाव मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हॅरॉल्डचे दोन भाऊ, गर्थ आणि लिओफविन, त्याच दिवशी पडले. अंधार पडायच्या सुमाराला हॅरॉल्डही गेला. डोळ्यात बाण लागून की तलवारीने, यावर अजून वाद आहे.

परत माथ्यावर आलो. विल्यमने प्रायश्चित्त म्हणून इथे मठ बांधायला घेतला आणि देवळाची मुख्य वेदी हॅरॉल्ड पडला त्याच जागी हवी असं फर्मावलं. संन्याशांना ही जागा पसंत नव्हती, माथ्यावर पाणी नव्हतं, उतार अडचणीचा. राजाने ऐकलं नाही. पाण्याची काय काळजी करता, तुमच्याकडे इतर मठांतल्या पाण्यापेक्षा दारू जास्त असेल असं बघतो, असं तो म्हणाल्याचं मठाच्याच बखरीत आहे. त्या हट्टाचा परिणाम आजही दिसतो. संन्याशांच्या निजघराखालचे दालन बघताना एका टोकाला छत डोक्याशी असतं आणि उतारावर जाल तसतसं ते उंच उंच होत जातं. वरची पातळी सपाट राखायला खालचे खांब वाढवत न्यावे लागले. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला, देऊळ पाडलं. एका भागात आज शाळा भरते. वेदीच्या जागी उरलाय तो जमिनीत बसवलेला एक दगड, आणि त्यावर लिहिलंय की हॅरॉल्ड इथे पडला.

बाबांनी चपला काढतात तसे बूट काढले. मग त्यांच्या लक्षात आलं की गवत ओलं आहे, तरी तसेच दोन मिनिटं उभे राहिले. हरलेल्या राजाच्या मरणाची जागा जिंकणाऱ्याने नेमकी जपावी, हे त्यांना फार मोठं वाटत होतं. मला पूर्ण पटलं नाही. त्या वेदीने विजयही मिरवला असणारच. पण साडेनऊशे वर्षांनंतर साताऱ्याचा एक मास्तर तिथे अनवाणी उभा राहू शकला तो त्या वेदीमुळेच, हेही खरं.

बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. बाबांनी वहीतलं एक पान काढून दाखवलं. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या भाषेत लिहून ठेवलेला इतिहास. त्याच्या एका प्रतीत लढाईचं ठिकाण सांगताना ना गावाचं नाव आहे ना टेकडीचं. एवढंच म्हटलंय की हॅरॉल्ड विल्यमवर चालून आला 'त्या जुन्या करड्या सफरचंदाच्या झाडापाशी'. बाबा १५ वर्षांपूर्वी पानिपतला जाऊन आलेत. तिथेही लोक जागा दाखवतात ती झाडाची, काळा आंबा. झाड कधीच गेलं, आता तिथे स्तंभ आहे, पण नाव आंब्याचंच. "जिंकणारे भरतकाम करतात, मठ बांधतात," बाबा म्हणाले. "हरलेल्यांकडे झाड राहतं." सकाळी सफरचंदं का घेतली, ते मला तेव्हा कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मी माझ्या मुलांना नक्की सांगणार आहे. या लढाईनंतर तीनशे वर्षं इंग्लंडच्या दरबाराची, वरिष्ठांची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयात इंग्रजीत बोलायचा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. गोठ्यातली मेंढी इंग्रजी राहिली, शीप. ताटात वाढलेली मेंढी फ्रेंच झाली, मटन. राखणारे एक, खाणारे दुसरे. कोर्ट, जज्ज, हे सगळे तिकडचेच शब्द. आपल्याकडे रविवारी मटण आणायला पिशवी घेऊन निघतात, तो शब्द या उतारावरून खाली आलाय. फारसीने मराठीचं असंच केलं होतं आणि म्हणून शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. इंग्रजांना तसा कोश करणारा कुणी मिळाला नाही, हे बाबांनी खऱ्या हळहळीने म्हटलं.

दुपारी दीडच्या गाडीने हेस्टिंग्ज. स्टेशनपासून जुन्या गावापर्यंत समुद्राच्या कडेने पाऊण तास रमतगमत चाललो. पश्चिमेला लांब धक्का दिसतो, १८७२ चा, २०१० मध्ये जळालेला आणि लोकांनी पुन्हा उभा केलेला. २०१७ ला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार त्याला मिळाला. डाव्या हाताला कड्यावर किल्ल्याच्या भिंती. उतरल्यावर विल्यमने आधी इथे लाकडी गढी उभारली होती, दगडाचं काम नंतरचं. किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. लाट मागे जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासतात आणि भाजक्या शेंगा सुपात पाखडल्यासारखा आवाज येतो.

पण हेस्टिंग्जमध्ये मला सगळ्यात आवडला तो स्टेड. स्टेड म्हणजे जुन्या इंग्रजीत होड्या लावायची जागा. इथे बंदर नाही. मच्छीमार होड्या थेट गोट्यांवर चढवून ठेवतात. किनाऱ्यावरूनच समुद्रात ढकलल्या जाणाऱ्या होड्यांचा एवढा ताफा युरोपात फार थोड्या ठिकाणी उरलाय. माझं आजोळ हर्णैचं. तिथे मोठ्या होड्या पाण्यात नांगरून राहतात आणि मासळी छोट्या होडीतून, बैलगाडीतून किनाऱ्यावर लिलावाला येते. इथे पूर्ण होडीच बाहेर येते. आम्ही पोचलो तेव्हा एक लाल-निळी होडी नाक वर करून गोट्यांवर धडकली, एकाने वाकून तिला तारेचा दोर अडकवला आणि वर उभा असलेला गंजका बुलडोझर तिला खेचू लागला. तळाखाली फळ्या सारत सारत ती चढली. होडीवर आरएक्स अक्षरं आणि क्रमांक. कडेच्या खोक्यांत लेप्यासारखे चपटे मासे होते, बांगडेही होते. तो खारट, ओला, डिझेल मिसळलेला वास हर्णैचाच होता. मला भरून आलं.

मागे उंच काळ्या लाकडी खोल्यांची रांग आहे, चाळीसेक तरी असतील. प्रत्येक खोली पाया आठ-दहा फुटांची आणि उंची तीन मजले. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच थोडी, म्हणून जाळी ठेवायच्या या खोल्या आडव्या न वाढता उभ्या वाढल्या. सुताची, तागाची जाळी ओली राहिली तर कुजायची, म्हणून सुकवून कोरड्यात टांगायला लागायची. नायलॉन आलं आणि ती गरज संपली, खोल्या मात्र डांबर लावून अजून राखल्यात. बाबांनी एका फळीवर हात ठेवला तर तळव्याला काळं लागलं. शेजारी जुन्या चर्चमध्ये मच्छीमारांचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. आत 'एंटरप्राइझ' ही १९१२ ची होडी आख्खी उभी केलीय. जरूर बघा. फिश अँड चिप्स बाहेर बसून खाल्ले. चिप्सवर समुद्रपक्ष्यांची धाड येते, एक हात पुड्यावर ठेवावाच लागतो.

पाच वाजता ईस्ट हिलच्या लिफ्टने वर गेलो. १९०२ पासून चालणारी ही रुळांवरची पेटी जवळजवळ उभ्या कड्यावर चढते. वर मोकळं गवत, वारा, आणि हवा स्वच्छ होती म्हणून पश्चिमेला पेव्हेन्सीच्या किनाऱ्याचा वळसा दिसला. तिथे विल्यम उतरला, इथे त्याने गढी बांधली, त्या मागच्या टेकड्यांत लढाई झाली. बाबांनी काठीने तिन्ही जागा दाखवल्या.

मग हॅरॉल्डच्या देहाची गोष्ट निघाली. हॅरॉल्डची आई गीथा हिने लेकाच्या देहाच्या भारंभार सोनं द्यायची तयारी दाखवली. विल्यमने नाकारलं. एवढी धडपड करून ज्याने किनारा राखला त्याला किनाऱ्यावरच पुरा, राखू दे, असं टोचून म्हटलं गेल्याचं विल्यमच्याच धर्मगुरूने लिहून ठेवलंय. वॉल्थमच्या मठवाल्यांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते एडिथ नावाच्या त्याच्या जुन्या सोबतिणीने फक्त तिलाच माहीत असलेल्या खुणांवरून प्रेत ओळखलं आणि त्यांनी ते आणून पुरलं. पुढे लोक असंही म्हणू लागले की तो मेलाच नाही, साधू होऊन जगला. भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, तसंच. पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. "माणूस दिसला नाही की लोक त्याला मरू देत नाहीत," बाबा समुद्राकडे बघत म्हणाले.

सहाच्या सुमाराला सूर्य गेला. बाबांनी वहीत वेळ लिहून ठेवली. खाली बुलडोझर बंद झाला होता आणि होड्यांवर ताडपत्री पडत होती.

परतीच्या गाडीत त्यांनी शेवटचं सफरचंद चाकूने कापलं आणि अर्धं मला दिलं. बॅटल स्टेशन आलं तेव्हा पूर्ण काळोख होता. दारं उघडली, ओल्या पानांचा गार वारा आत आला, कुणीच चढलं नाही.

"कुठल्या बाजूला गं?" बाबांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. काचेत आमचेच दोघांचे चेहरे दिसत होते. बाबा उठून दारात गेले आणि दारं बंद होईपर्यंत त्या बाजूला बघत उभे राहिले.